उत्तरेची दहा घरं

आमच्या शिरगुप्पे साहेबांनी सिंगापूर बघितलं होतं आणि ते त्यांनी आम्हाला कधी विसरू दिलं नाही. मोठमोठ्या शहरांचा कारभार कसा चालतो ते शिकायला सरकारनं त्यांना तीन आठवडे तिकडं धाडलं होतं. परत आले ते स्लाईडांची पेटी घेऊनच. मग दर शनिवारी दुपारी खोलीचे पडदे ओढायचे आणि भिंतीवर लंडनचे रस्ते, टोकियोचे पूल, सिंगापुरातल्या झाडांच्या रांगा दिसायच्या. बाहेर कोल्हापूर आपल्या चालीनं चाललेलं असायचं. चौकात म्हैस बसली की एस.टी. थांबायची, ड्रायव्हर उतरून तिला विनवायचा.

"कुरणे," साहेब मला म्हणायचे, "शहर चालवायचं म्हणजे रोज कुणाला तरी 'नाही' म्हणायचं. ज्याला ते जमत नाही त्यानं खुशाल भजनी मंडळ चालवावं."

मी भाऊसो कुरणे, नगररचनेतला ट्रेसर. साहेबांनी ठरवायचं, सर्व्हेवाल्यांनी मोजायचं आणि मी ते ट्रेसिंग कापडावर शाईनं उतरवायचं. एक्क्याण्णव ते त्र्याण्णव अशी दोन वर्षं आम्ही शहराचा नवा विकास आराखडा करत होतो. कुठून रस्ता जाणार, कुठं बाग, कुठं शाळा, पुढच्या वीस वर्षांचं कोल्हापूर माझ्या टेबलावर पसरलेलं असायचं. आराखडा जाहीर होईपर्यंत सगळं गुपित. खोलीला कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात. कोण कोण यायचं विचारायला! एकानं दिवाळीच्या आधीच दिवाळीचा फराळ आणला. एकानं माझ्या लग्नाची काळजी केली, पंचेचाळिशीत मला स्थळ सुचवलं. मी दोघांनाही जिना दाखवला. मी नाकासमोर चालणारा माणूस होतो. आणि मी तसा चालतो हे चार लोकांनी बघावं असंही मला वाटायचं, हे आज कबूल करून टाकतो.

लग्न माझं राहिलंच. राहिलं म्हणजे कुणी अडवलं नव्हतं, पण मीच आज-उद्या करत बसलो. राजारामपुरीत एक खोली भाड्यानं होती, तिथं मी झोपायचो. घर म्हणाल तर एकच, पाणंद गल्लीत, माझ्या थोरल्या बहिणीचं.

तानूबाई तिचं नाव. मी तिला तानाक्का म्हणायचो. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ती सतरा. लग्न होऊन कोल्हापूरला आली तेव्हा तिनं मला बरोबर आणलं. दाजी लवकर वारले. उद्यमनगरातल्या फौंड्रीत वाळूचे साचे भरून तिनं स्वतःच्या पोराला, संघर्षला वाढवलं आणि मलाही शिकवलं. आयटीआयची माझी ड्रॉइंगची पेटी तिनं गळ्यातली बोरमाळ मोडून आणली होती. ही गोष्ट तिनं मला कधीच ऐकवली नाही, शेजारणींकडून कळली. घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत गुंडू शिंपी भाड्यानं राहायचा, म्हणून घराला नंबरही दोन होते, सात आणि सात-ब. दर रविवारी मी तिथं जेवायचो. आठवड्यातून दोनदा तिचा डबा कचेरीत यायचा आणि त्यात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे हात पडायचे.

तर ही पाणंद गल्ली एक दिवस माझ्या टेबलावर आली.

स्टेशनकडून बाहेरच्या वळणरस्त्याला जोडणारा पंधरा मीटरचा रस्ता हवा होता आणि सरळ वाट तीच होती. गल्ली जेमतेम पाच मीटर. साहेब नकाशावर वाकून म्हणाले, "दोन्ही बाजूंनी निम्मं निम्मं घेतलं तर सगळीच घरं अर्धी कापली जातील, कुणाचंच राहण्याजोगं उरणार नाही. एका बाजूनंच घे. ज्या बाजूला घरं कमी, ती बाजू. नंबर मोज आणि तक्ता दे."

बास, एवढंच काम. घरपट्टीची यादी घ्यायची, नंबरावर पेन्सिलीची टिंबं द्यायची आणि बेरीज लिहायची. आधी दक्षिण बाजू मोजली. बायडाबाई चौगुल्यापासून शेवटच्या पिठाच्या गिरणीपर्यंत अकरा. मग उत्तर. एक, दोन, तीन करत सहापर्यंत आलो. पुढं सात आणि सात-ब.

तिथं माझी पेन्सिल थांबली. हिशेब डोळ्यांपुढंच होता. अक्काचे दोन्ही नंबर धरले की उत्तर बारा, दक्षिण अकरा. रस्ता दक्षिणेला जाणार, अक्काचं घर राहणार. आणि मग अख्खी कचेरी म्हणणार, बघा, आपला तो बाब्या! कुरण्यानं बहिणीचं घर बरोबर वाचवलं. साहेब काही बोलणार नाहीत, नुसते चष्म्यावरून बघतील. त्या बघण्याचीच मला भीती वाटली.

मी स्वतःला म्हणालो, आपल्याच माणसाचं घर आपण काय मोजायचं? ते बाजूला ठेवू, परक्यांचा निवाडा होऊ दे. आणि मी आठवर गेलो. उत्तर बाजू दहा, दक्षिण बाजू अकरा. तक्ता लिहिला, खाली सही केली. माझं अक्षर चांगलं आहे, त्या दिवशी तर फारच सुरेख आलं होतं.

साहेबांनी तक्ता बघितला. "तुझ्या बहिणीचं घर उत्तरेलाच ना रे?"

"होय साहेब."

"नीट मोजलंस?"

"होय साहेब."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि उठून माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास कुरणे. अशी चार माणसं मिळाली तर कोल्हापूरचं सिंगापूर करून दाखवीन." मी त्या दिवशी चालत खोलीवर गेलो आणि वाटेत मला सगळं शहर आपलं वाटलं. इतका मूर्ख मी आयुष्यात दुसऱ्यांदा झालो नाही.

आता कुणी म्हणेल, आराखडा जाहीर झाल्यावर हरकत घेता येते की! येते. साठ दिवसांची मुदत असते. कचेरीच्या मोठ्या खोलीत नकाशे लागले, पेपरात जाहिरात आली, लोक भिंगं घेऊन आपापली घरं शोधायला आले. माझा सगळा भरवसा त्या साठ दिवसांवर होता. अक्का हरकत देईल, कुणीतरी वरचा माणूस नव्यानं मोजेल, चूक निघेल आणि मी मात्र स्वच्छ राहीन. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं.

त्या रविवारी मी जेवताना म्हणालो, "अक्का, नकाशा लागलाय. बघून ये की एकदा."

"तूच काढलायस न्हवं?"

"व्हय. पर लोकं हरकत घेत्यात. साठ दिवस मुदत असतीया."

ती हसायला लागली. "मी आनि हरकत घीऊ? माज्या भावाच्या नकाशावर? गल्ली थुकंल माज्या तोंडावर."

मागच्या दारातून गुंडू शिंपी म्हणाला, "भाऊसो आत बसल्यात म्हंटल्यावर आमास्नी कशाचं भ्या? आमच्या बाजूचं कोन बी गेलं न्हाय बघाय."

आणि खरंच कुणी गेलं नव्हतं. दक्षिणेची माणसं गेली होती, आपली घरं शाबूत बघून आली होती, समोरच्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. उत्तरेची सगळी माझ्या नावावर निर्धास्त झोपली होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, अक्का, तुझं घर जातंय. भाकरीचा तुकडा तोंडात होता. तो गिळला आणि म्हणालो, "बघून आलेलं बरं असतंय." ती म्हणाली, "कालवण वाढू?" मी ताट पुढं केलं.

असे आठ रविवार गेले. साठ दिवस संपले. हरकतींच्या रजिस्टरात पाणंद गल्लीची एकही ओळ नव्हती.

सरकारी रस्ता सावकाश येतो. आराखडा मंजूर व्हायला वर्षं गेली. साहेब बदलून गेले, स्लाईडांची पेटी कपाटावर राहिली. मधल्या काळात संघर्षला जयसिंगपूरच्या शाळेत क्लार्कची नोकरी लागली, त्याचं लग्न झालं, श्रुती जन्माला आली. मला वाटायला लागलं होतं की रस्ता होणारच नाही. आपल्याकडं निम्म्या गोष्टी कागदावरच राहतात, ही एवढीच राहू दे म्हणून मी कुणाकुणाला विनवलं असेल मनात. पण दोन हजार चार साली उत्तरेच्या भिंतींवर लाल रंगाचे बाण आले.

संघर्ष नोटीस घेऊन थेट कचेरीत आला. "मामा, हे काय हाय? तुमी हितं असताना?"

"वरून झालंय," मी म्हणालो. साहेबांपुढचं ते 'होय' सोडलं तर पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी खोटं बोललो नव्हतो, आणि दुसऱ्यांदा बोललो ते सख्ख्या भाच्याशी.

संध्याकाळी तो अक्कापुढं माझ्यावर चिडला तर तिनं त्यालाच झापलं. "त्येला काय बोलू नगंस. त्यो नोकर मानूस. त्येच्या हातात असतं तर त्येनं घर जाऊ दिलं असतं का?" मी तिथंच उंबऱ्यावर बसलो होतो.

घरं पडली त्या सकाळी अक्कानं बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो स्वतः भिंतीवरून उतरवला, पदरात गुंडाळला आणि टेम्पोत पुढं बसली. जेसीबीकडं तिनं बघितलंही नाही. गुंडू शिंपी मशीन डोक्यावर घेऊन कागलला मेहुण्याकडं गेला. बाकीच्या घरांतली माणसं शहराबाहेर मिळालेल्या जागांवर पांगली. अक्का संघर्षबरोबर जयसिंगपूरला गेली. दुपारपर्यंत माझं घर म्हणावं असं शहरात काही उरलं नाही.

त्यानंतर रविवार किती लांब असतो ते मला कळलं. सकाळी उठायचो, दाढी करायचो, चांगला शर्ट घालायचो आणि मग आठवायचं की कुठं जायचं नाही. खानावळीत जेवायचो. समोरच्याशी बोलावं म्हणून विचारायचो, "कुठलं गाव?" तो गावाचं नाव सांगून पुन्हा ताटात बघायचा. अख्ख्या शहराच्या गल्ल्या मला तोंडपाठ होत्या, कुठल्या चौकात किती मीटरचं वळण ते झोपेत सांगितलं असतं, पण ताप आला तर पेज करून आणेल असं एक दार नव्हतं. ज्यानं शहर आखलं त्याला शहरात बसायला जागा नाही! कुणाला सांगितलं असतं तर हसला असता.

रस्ता मात्र झकास झाला. मी तिथून जाणं टाळायचो. एकदा रिक्षा तिकडूनच निघाली आणि बायडाबाईनं हाक मारली. दक्षिणेच्या बाजूचं पहिलं घर तिचं. आता रस्त्यावर आलं होतं, तिनं पुढं चहा-भज्यांचं दुकान टाकलं होतं. तिनं मला ओढून बाकावर बसवलं, चहा दिला, पैसे घेतले नाहीत. गिऱ्हाइकांना म्हणाली, "ह्यास्नी बघून घ्या. सख्ख्या भनीचं घर दिलं ह्यांनी, पर आमची अकरा वाचिवली. असा मानूस आता घावायचा न्हाय."

एका म्हाताऱ्यानं मला नमस्कार केला. आणि खरं सांगतो, दोन घोट मला ते गोड लागलं. हीच शाबासकी मी आयुष्यभर मागत होतो. तिसऱ्या घोटाला मी समोर बघितलं. तिथं भज्यांची कढई होती आणि कढईच्या समोर, रस्त्याच्या मधोमध, जिथून ट्रक चालला होता, तिथं अक्काची चूल होती. मी अर्धा चहा ठेवून उठलो.

अक्का तिकडून चटणी पाठवायची. जयसिंगपूरच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा होता, तो डबा आणून द्यायचा. आत संघर्षच्या बायकोच्या, मनालीच्या अक्षरात चिठ्ठी असायची, अक्कानं सांगितलेली. 'तब्येत सांभाळ. मनाला लावून घेऊ नको. तुझा काय दोष.' हे 'तुझा काय दोष' मला सोसेना. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी चटणी सुखानं खाल्ली असती. तिचं मन माझ्याकडं होतं, पण जो भाऊ खरा नव्हताच त्याच्याकडं. खरा भाऊ खोलीवर एकटाच बसला होता आणि त्याचा तिला पत्ता नव्हता.

दोन हजार सहाला मी निवृत्त झालो. नारळ, शाल, दोन भाषणं. "निःस्पृह" हा शब्द चार वेळा आला. दुसऱ्याच दिवशी मी जयसिंगपूरची गाडी पकडली. ठरवलं होतं, सांगून टाकायचं. ती चिडेल, रडेल, चार दिवस बोलणार नाही. पण मग माफ करेल आणि ती माफी खरी असेल. मला माझी बहीण परत पाहिजे होती. बाकी काही नको होतं.

दुपारची वेळ होती. संघर्ष शाळेत, मनाली माहेरी गेलेली. अक्का सोप्यात घेवड्याच्या शेंगा निवडत बसली होती, शेजारी सात वर्षांची श्रुती पाटीवर गणितं करत होती.

"आलास भाऊश्या? बस की. वाळलास किती रं!" तिनं शेंगांचं सूप बाजूला सारून मला जागा केली. "खानावळीचं खाऊन दुसरं काय व्हनार. आता रिटायर झालास न्हवं? हितंच ऱ्हा. संघर्ष कवाचा म्हंतोय, मामाला आना म्हनून."

हे मला अपेक्षित नव्हतं. तिथंच गप्प बसायला हवं होतं, असं अजून वाटतं. राहिलो असतो तिच्याकडं, तिच्या हातचं खाल्लं असतं, आणि ती जाईपर्यंत तिला कळलं नसतं. पण मी तेवढ्यासाठीच आलो होतो.

"अक्का, एक सांगायचं हाय."

मी सगळं सांगितलं. दोन बाजू, तक्ता, अकरा आणि दहा. तिला एकदम उमगलं नाही. शेंगा निवडत ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे माजं धरलं असतंस तर?"

"तर रस्ता पलीकडनं गेला असता."

"माजं घर ऱ्हायलं असतं?"

"व्हय."

तिचे हात थांबले. "बायडीचं मोजलंस?"

"व्हय."

"गिरनीवाल्याचं?"

"व्हय, अक्का."

"आनि माजं न्हाय."

"लोकं नावं ठेवतील म्हणून... तू माझी, म्हणून. परक्यांचं मोजलं. आपल्या माणसाचं काय मोजायचं, असं वाटलं गं मला."

ती चिडली नाही. मी वाट बघत होतो, तिनं शेजारचं सूप फेकून मारावं म्हणून. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, कपाळावर थोडा पुढं ओढून घेतला. पुरुषमाणूस दारात आला की बायका ओढतात तसा. मग श्रुतीकडं तोंड करून म्हणाली, "श्रुते, पावण्यास्नी पानी दे."

श्रुती खिदळली. "आज्जे, पावणं कुठलं? मामाआजोबा हाईत की."

"पावणं हाईत. तांब्या घासून दे."

पोरगी उठली. मी म्हणालो, "अक्का." ती उठून चुलीकडं गेली होती. तिकडूनच म्हणाली, "जेवून जावा. उनाचं उपाशी जाऊ नगासा."

जावा. मी पाळण्यात होतो तेव्हापासून ती मला 'अरे-तुरे' करत आली होती. कचेरीतल्या माणसांपुढंही करायची आणि मी लाजायचो.

तिनं पाट मांडला, ताट वाढलं, लोणच्याची फोड वेगळी ठेवली. दोनदा "घ्या की, लाजू नगासा" म्हणाली. मी सगळं खाल्लं. पानात टाकून उठायचा हक्क घरच्या माणसाला असतो. हात धुतल्यावर वाटलं, आता तरी काही बोलेल. तिनं टॉवेल पुढं केला.

मी पायात चपला घातल्या तशी ती दारापर्यंत आली. शेजारची बाई ओट्यावर धान्य पाखडत होती. तिनं विचारलं, "कोन गं, तानाक्का?"

"कोल्हापूरचं हाईत," अक्का म्हणाली. "आमच्या तिकडच्या गल्लीचा रस्ता ह्यांनीच काढला."